तू जेवणाचं कौतुक केलंस म्हणून

लुआँ, मंगळवार

प्रिय सोलेन,

परवा फोनवर तू विचारलंस की आई, माझं नेमकं चुकलं काय, आणि मी नेहमीप्रमाणे विषय परसातल्या वाटाण्यावर नेला. ईस्टरपासून तुझा बाबा तुझ्याशी फोनवर बोलत नाही. कधी मी सांगते तो तळघरात आहे, कधी सांगते त्याचे हात पिठात आहेत. ईस्टरपासून जूनपर्यंत कुणाचे हात पिठात असतात का? तू समजायचं ते समजतेस, आणि चुकीचं समजतेस. तुला वाटतं, खानावळ सांभाळायला परत येणार नाही असं तू सांगितलंस त्याचा त्याला राग आहे. तो राग केव्हाच विरून गेला. आज आपली सुट्टी. बाबा गळ घेऊन सेय नदीच्या काठावर गेलाय आणि मी खिडकीजवळच्या टेबलावर कागद घेऊन बसलेय. आता ताकाला जाऊन भांडं लपवत नाही. तू वाईट असं काहीच बोलली नाहीस, पोरी. तू जेवणाचं कौतुक केलंस. तेवढंच झालं.

हसू नकोस, आधी पुरतं वाच. माझं सगळं आयुष्य त्या कौतुकाची ने-आण करण्यात गेलं. प्लेट उचलताना आपण विचारायचं, 'कसं झालं होतं?' आणि बसलेल्याने म्हणायचं, 'त्रे बों, मेर्सी.' फार छान, आभारी आहे. आपला प्रश्न खरा नसतो, त्यांचं उत्तरही खरं नसतं. रस्त्यात भेटल्यावर 'बरं आहे ना?' विचारतात त्यातलीच ती गत, पाय मोडलेला माणूसही 'बरं आहे' म्हणून लंगडत पुढे जातो. अर्धी प्लेट उरली असेल तर त्याला शेपूट जोडायचं, 'पण भरपूर होतं हो!' या 'भरपूर'ने आपल्या गावात किती स्वयंपाक्यांची अब्रू राखली असेल देव जाणे. शिवाय मादाम ब्यूगेसारखी मंडळी. नवरा नोटरी होता म्हणून त्या अजूनही त्याच सुरात बोलतात: कोंबडी कशी लोण्यासारखी, साय कशी रेशमासारखी, आमच्यातर्फे स्वयंपाकघराला अभिनंदन कळवा. मी आत जाऊन कळवायची. तुझा बाबा नुसता हुंकार द्यायचा आणि माझ्या हातातल्या प्लेटकडे बघायचा. शब्दांवर त्याने कधी भरवसा ठेवलाच नाही. पाव फिरवून लख्ख पुसलेली प्लेट आत आली की मगच मान डोलवायचा. माणूस लाजेकाजेस्तव बोलेल, पण लाजेकाजेस्तव रस्सा पुसत नाही, असं त्याचं म्हणणं.

आणि घरात ही गोड भाषा चालायचीच नाही. आपल्या ब्रेस भागातल्या माणसाने 'वाईट नाही' म्हटलं म्हणजे त्याने हृदय काढून हातावर ठेवलं. आमच्या लग्नाचं जेवण तुझ्या बाबाने स्वतः केलं होतं, नवरदेवाच्या कोटावर एप्रन बांधून, आणि त्याचे वडील शेवटी म्हणाले, 'वाईट नाही झालं.' तुझा बाबा भिंतीकडे तोंड करून नाक शिंकरत बसला. तू चालायला लागलीस तेव्हापासून चुलीशेजारच्या लाकडी खोक्यावर तुझी जागा. तो चमचा पुढे करायचा, तू पाखरासारखी चोच उघडायचीस आणि एकच शब्द टाकायचीस. 'मीठ.' 'आंबट.' 'कच्चं.' तो तुझ्यावर कधी चिडला नाही. निमूट वळायचा आणि सुधारायचा. मला मात्र तुझा राग यायचा, एवढीशी चिमुरडी आणि किती तो फटकळपणा. तू स्वयंपाक शिकायला गेलीस तेव्हा तो बाजारात कोंबडीवाल्या पेर्नोला म्हणाला होता, माझी जीभ शिकायला गेलीय. तुला हे कुणी सांगितलं नसेल.

आता फेब्रुवारीचं सांगते. बाबाला ताप आला होता, तुला फोनवर सांगितलं होतं मी. आठवडाभर अंथरुणात होता आणि उठल्या उठल्या चुलीपाशी उभा राहिला, कारण त्याला बसून राहता येत नाही हे तू जाणतेस. त्यानंतर प्लेटा परत यायला लागल्या. म्हणजे रिकाम्या नव्हे, भरलेल्या. साईतल्या कोंबडीत मीठ इतकं की ओठ आवळले जावेत. कधी वाईन नीट आटलेली नसायची, कधी दुधाला करपट वास. लोक मात्र तितकेच सभ्य. 'फार छान होतं, मादाम, पण भरपूर होतं.' रोज दुपारी सगळ्या गावाला एकदम भरपूर व्हायला लागलं. मी आत कशी नेणार होते त्या प्लेटा? मग मी एक उद्योग सुरू केला. पावाच्या टोपल्या असतात ना, त्या उंच कपाटाच्या आडोशाला उभं राहायचं, उरलेलं सगळं झाकणाच्या डब्यात ढकलायचं, आणि पावाचा तुकडा घेऊन प्लेट स्वच्छ पुसायची. पाव टाकून कसा देणार, म्हणून तो तोंडात. एका दुपारी मी किती जणांचं खारट खाल्लं असेल याचा हिशेब नको. डॉक्टरीणबाई रक्तदाब बघून म्हणाल्या, मादाम, मिठावरचा हात आवरा. मी म्हटलं, आवरते. हात माझा असता तर आवरला असता.

तुझा बाबा खूश होता. प्लेटा लख्ख येत होत्या. मला वाटायचं, आजारपणाचा थकवा आहे, उन्हाळा लागला की उतरेल. त्याला काय होतंय हे मी विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही. आम्ही दोघं एकाच स्वयंपाकघरात मूग गिळून बसलो होतो.

तेवढ्यात ईस्टरला तू आलीस. पाहुणे गेल्यावर आपण तिघं आतल्या टेबलावर बसलो. त्याने तुझ्यासाठी कोंबडी वेगळी काढून ठेवली होती, मांडीचा तुकडा, तुझा आवडता. साय तळाशी लागली होती. माझ्या नाकाला ते झाकण उघडताच कळलं, तुला तर कळलंच असणार, तू तिकडे नांतच्या हॉटेलात रोज सॉसच ढवळतेस. मी तुझ्याकडे बघत होते. तू पहिला घास घेतलास, थांबलीस, आणि मान वर करून त्याच्याकडे बघितलंस. तो किती वाळला होता, गळ्याशी कॉलर कशी सैल झाली होती, ते तू तेव्हा पाहिलंस. मग तू खाली मान घालून सगळं संपवलंस. पाव घेतलास, आणि हाताने नाही, काट्याला टोचून प्लेट पुसलीस, जशी नोटरीच्या घरी पुसतात. मी सवयीने विचारलं, कसं झालं होतं, आणि तू म्हणालीस, "फार छान झालं होतं बाबा, मेर्सी."

तुझ्या मनात माया होती, मला दिसत होती. तुझ्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं, मी तर पगार न घेता रोज तेच करत होते. पण तो उठला, तुझी प्लेट हातात घेऊन बराच वेळ तिच्याकडे बघत राहिला, ती अलगद पाण्यात सोडली आणि कोंबड्यांना दाणे घालायला म्हणून मागे निघून गेला. तुला सोडायला स्टेशनवर मी एकटी आले. गाडी सुटताना तू खिडकीतून ज्या तोंडाने माझ्याकडे बघत होतीस, ते तोंड अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. त्या दिवशी मलाही काही कळलं नव्हतं. मीही त्याच्यावर संतापले, म्हटलं लेक इतक्या लांबून आली आणि हा कोंबड्यांशी बोलत बसतो.

त्यानंतर तो प्लेटा निरखायला लागला. नुसतं बघणं नाही, खिडकीपाशी नेऊन तिरपी धरून बघायचा. एका दुपारी मी चार नंबरच्या टेबलाची प्लेट आत नेली तर म्हणाला, चार नंबरवाला तुझ्यासारखा जेवतो. मी विचारलं, म्हणजे कसा? तर म्हणे, बाहेरून आत गोल गोल येतो आणि मध्ये पैशाएवढा ठिपका सोडून देतो. इतकी वर्षं समोर बसून जेवतोय तुझ्या. मग त्याने बाकीच्या प्लेटा दाखवल्या. सगळ्यांच्या मध्ये ठिपका. मी म्हटलं, आजकाल लोकांची तशी पद्धत झालीय. तो चुलीकडे वळला. मलाच माझ्या बोलण्याची कीव आली.

आणि मग गेल्या आठवड्यातला सोमवार. बाजाराचा दिवस, त्यामुळे खानावळ गच्च भरलेली, कमानींखालून कोंबड्यांचा कलकलाट आत येतोय, आणि बाजारकरी नेहमीसारखे वासराची मुंडी खायला बसलेले. कोपऱ्यात पेर्नो. तू त्याला ओळखतेसच, कोंबड्या विकून आला की हात धुतो, टोपी गुडघ्यावर ठेवतो, जेवतो आणि जाताना म्हणतो, 'खाता आलं.' आयुष्यात याहून चांगला शब्द त्याने कुणासाठी वापरला नाही, बायकोसाठीही नाही. मी त्याच्या टेबलाकडे जायला वळले तर स्वयंपाकघराचं दार उघडलं आणि तुझा बाबा बाहेर आला. एप्रनसकट. ऐन जेवणाच्या वेळी आपला स्वयंपाकी कधी बाहेर येत नाही. आला म्हणजे एकतर आग लागली किंवा कुणी तरी गेलं. सगळे काटे-चमचे थांबले. तो सरळ पेर्नोपाशी गेला. पेर्नोची प्लेट जवळजवळ तशीच होती.

"कसं झालं होतं, पेर्नो?" तो म्हणाला.

पेर्नोने प्लेटकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग त्याच्याकडे. सुरी आणि काटा शेजारी शेजारी नीट ठेवले. मिशी पुसली. आणि तो रांगडा माणूस, ज्याने मेयरच्या तोंडावर त्याच्या वाईनला व्हिनेगर म्हटलं होतं, तो उभा राहून म्हणाला, "फार छान झालं होतं, रेजिस. मेर्सी. जरा भरपूर होतं, इतकंच."

मग बाकीच्यांना वाटलं आपणही काही म्हटलं पाहिजे. मादाम ब्यूगेंनी सुरुवात केली, उत्तम, नेहमीप्रमाणेच उत्तम. मग पलीकडचे चीजवाले नवरा-बायको. मग खिडकीजवळचे, ज्यांना मी ओळखतही नाही. एकेकजण त्याच्याकडे बघून मान लववत होता, आणि तो प्रत्येकाला मेर्सी म्हणत होता, जसे चर्चच्या दारात प्रेताबरोबर आलेले घरचे लोक हस्तांदोलन करत उभे असतात. माणसं वाईट नव्हती गं. एकही वाईट नव्हता. एकाने जरी प्लेट आपटून म्हटलं असतं की हे काय खायला घालता, तर मी त्याच्या पाया पडले असते.

आत जाऊन त्याने एप्रन सोडला आणि ओट्याला टेकून उभा राहिला. मला म्हणाला, "सगळं गाव सांत्वनाला येऊन गेलं, ओदिल." आणि चक्क हसला. मग सगळं बाहेर आलं. तापातून उठल्यापासून त्याला वासच येत नाही. लोणी नाही, कांदा नाही, जळलेलंही नाही. कॉफी म्हणजे गरम पाणी. मिठाची चव तेवढी जिभेला लागते, म्हणून तो मीठ घालत सुटला. बाकी सगळं हातांच्या सवयीवर आणि डोळ्यांवर चाललं होतं. येईल परत, येईल परत म्हणत कुणाला सांगितलं नाही. प्लेटा स्वच्छ येत होत्या म्हटल्यावर त्याला वाटलं, नाक नसलं तरी हात अजून शाबूत आहेत. मी रडायला लागले. तो म्हणाला, रडू नकोस, तुझ्या पावाने मला दोन महिने सुखात ठेवलं. मग एप्रनची घडी केली आणि म्हणाला, "पण सोलेन मला मेर्सी म्हणाली. परक्या माणसाला म्हणतात तसं. मला तेव्हाच कळलं की मी संपलो."

म्हणून तो फोनवर येत नाही, पोरी. त्याला राग नाही, लाज आहे. तू त्याला बाबा म्हणून न वागवता गिऱ्हाइकाने स्वयंपाक्याला वागवावं तसं वागवलंस, आणि ते तू दयेपोटी केलंस, हेच त्याला सोसत नाही. आता या मजकुराने स्वतःला बोल लावत बसू नकोस. तुझं काही चुकलं नाही, आपल्या भाषेला तेवढं एकच सभ्य वाक्य येतं आणि आपण ते कुठेही वापरतो.

शालों शहरातल्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. त्यांचं म्हणणं, वास परत येईलही, नाहीही. एक व्यायाम दिलाय. रोज सकाळी तो ओट्यावर लवंग, लिंबाची साल, व्हिनेगर आणि कॉफी अशा बाटल्या मांडतो, डोळे मिटतो आणि एकेक नाकाशी धरतो. त्या वेळी मी आत जात नाही. काल म्हणाला, लवंगेच्या बाटलीत काहीतरी आहे असं वाटलं, पण कदाचित ती आठवण असेल. वास नाही आला तर ऑगस्टच्या शेवटी दार बंद करायचं असं त्याने ठरवलंय. तोपर्यंत फक्त थंड पदार्थ आणि पेर्नोच्या बायकोने केलेल्या मांसाच्या थंड वड्या. लोक येतात, खातात, आणि म्हणतात, फार छान.

पण संध्याकाळी, गिऱ्हाइकं नसताना, तो साईतली कोंबडी करतो. फक्त आम्हा दोघांसाठी. रोज. माझ्यापुढे प्लेट ठेवतो, समोर बसतो, हात मांडीवर ठेवतो आणि विचारतो, कसं झालंय? खरं सांग, मीठ किती, साय लागली का, वाईन आटली का. आणि सोलेन, माझ्या तोंडातून खरं निघत नाही. घास तोंडात असतो, मीठ जिभेला झोंबत असतं, आणि मी म्हणते, फार छान झालंय. जन्मभर ते एकच वाक्य बोलत आले, आता जिभेला दुसरं वळणच येत नाही. परवा तो म्हणाला, तूसुद्धा? आणि त्याने प्लेट उचलून नेली. मी त्याच्यावर प्रेम करते, पण त्याला लागणारा एक शब्द माझ्याकडे नाही. तो तुझ्याकडे होता, चालायला लागलीस तेव्हापासून.

म्हणून हे पत्र. खानावळ चालवायला ये असं मी म्हणत नाही, ते आता कधीच म्हणणार नाही. जुलैत तुला सुट्टी असते, त्यातले थोडे दिवस इकडे ये. न कळवता ये. मागच्या दाराने थेट स्वयंपाकघरात ये, चुलीशेजारी उभी राहा आणि चमचा घे. लाकडी खोका अजून तिथेच आहे, त्यावर आता कांदे असतात, ते मी काढून ठेवते. तो तुझ्याकडे बघणार नाही, पाठ करून ढवळत राहील, ते मनावर घेऊ नकोस. फक्त चाख आणि म्हण. 'मीठ.' 'करपलंय.' 'अजून आटव.' एक शब्द, पूर्वीसारखा, आणि त्याच्या मागे मेर्सी नको. त्याचे हात अजून सगळं जाणतात गं, त्यांना फक्त कुणीतरी सांगायला हवंय. ऑगस्टनंतर दार उघडं राहिलं काय आणि बंद झालं काय, ते तो बघेल. पण आपल्या लेकीने आपल्यावर दया केली एवढंच मनात धरून त्याने एप्रन उतरवू नये. तू ये आणि त्याला नावं ठेव.

तुझीच,
आई

ता. क. कालच्या कोंबडीत मीठ फार होतं आणि साय तळाला लागली होती. बघ, कागदावर जमलं.